एजंट सहस्रबुद

सहस्रबुद्धेकाकांनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. ते ड्राइव्हवेवर उभे राहायचे, खिशातून सेलफोन काढायचे आणि मला फोन करून म्हणायचे, "तुमच्या घरासमोर एक इसम उभा आहे. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्यावर केस बेताचे, अंगात रेनकोट. त्याला आत घेणं सुरक्षित आहे का?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. इसम हात हलवायचा. बाहेर लख्ख ऊन असायचं आणि इसमाच्या रेनकोटाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली असायची.

"तुमच्या मागे कोणी नाही ना?" मी विचारायची. हे विचारल्याशिवाय ते पायरी चढत नसत.

"एक बदक आहे," काका मागे वळून, नीट निरखून सांगायचे. "पण ते स्थानिक वाटतंय."

मग आत येऊन, रेनकोट खुर्चीच्या पाठीला अडकवून ते हळूच विचारायचे, "कुमुदचा काही निरोप?" कुमुद म्हणजे त्यांची बायको. तिला ते पाच मिनिटांपूर्वी घरी सोडून आलेले असत, आणि त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं.

हे दोन हजार सातच्या उन्हाळ्यातलं. डब्लिन म्हटलं की लोकांना आयर्लंड आठवतं, पण आमचं डब्लिन ओहायोतलं, कोलंबस शहराला चिकटलेलं. माझा नवरा निखिल तिथे एका कंपनीत कोड लिहायचा आणि मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आले होते. मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात बँकेत दिवसभर लोकांवर खेकसायची सवय असलेली मी, त्या मुक्या गल्लीत दुपारभर काय करणार? सकाळी सगळ्या गाड्या गराजमधून निघून जायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत काही हलायचं नाही. जूनमध्ये कॉटनवुडच्या झाडांचा कापूस हवेतून तरंगत यायचा. तो खालीही पडत नसे, वरही जात नसे. त्याच्याकडे बघता बघता मला आपण जागे आहोत की नाही याची शंका यायची.

त्या गल्लीत काका राहत होते हे माझं नशीब.

काका भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवणारे डॉक्टर. सगळी हयात त्यांनी कोलंबसच्या एका हॉस्पिटलात लोकांना झोपवलं आणि मग निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. तो आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखा यायचा. दोन शब्दांच्या मध्ये एवढी जागा सोडायचे की ऐकणाऱ्याची मान त्या जागेत कलंडायची. मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांना आभारप्रदर्शन करायला उभं केलं. देणगीदारांची नावं संपेपर्यंत पहिल्या दोन रांगा झोपल्या होत्या आणि खजिनदार घोरत होते. पुढच्या वर्षीपासून मंडळाने त्यांना आभार मानू दिले नाहीत. पण लहान मुलांच्या आया त्यांना हळूच बाजूला घेऊन म्हणायच्या, "काका, जरा हिच्याशी बोला ना."

कसलाही प्रसंग आला की त्यांचं एकच वाक्य: "दीर्घ श्वास घ्या. सोडा. उत्तम." माझी पोळी करपली तरी, निखिलचा व्हिसा अडकला तरी. आणि गंमत म्हणजे, मी घ्यायची दीर्घ श्वास.

"मी जन्मभर हेरच होतो," ते सांगायचे. "तोंडावर मास्क. माणूस घाबरलेला असताना गुपचूप यायचं, काम करायचं, तो जागा व्हायच्या आत निघून जायचं. पेशंट सर्जनला बर्फी आणून देतो. मला मॉलमध्ये बघून कधी कोणी ओळखलं नाही."

हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. उलट त्यांना त्याचा जरासा अभिमानच होता. पण निवृत्त झाल्यावर एक दिवस नाश्त्याला बसलेले असताना सीरिअलच्या खोक्यावर त्यांना एक वाक्य दिसलं: 'आम्ही तुम्हालाच शोधत आहोत.' उन्हाळ्यात एक हेरांचा सिनेमा येणार होता, त्याच्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर कोड्यांचा खेळ काढला होता. दर सोमवारी नवी कामगिरी. सगळ्या पार केल्या की सिनेमा लागेल त्या शुक्रवारी शेवटचं दार उघडणार.

"कुमुद," काका खोकं हातात धरून म्हणाले, "मला कोणीतरी शोधतंय."

"तुम्हाला नाही, गिऱ्हाइकाला," काकू म्हणाल्या. पण तोवर काका कॉम्प्युटरपाशी पोचले होते.

तिथे पहिलीच अडचण आली. आडनावाच्या चौकोनात दहाच अक्षरं मावत होती आणि इंग्रजीत सहस्रबुद्धे हे आडनाव त्याच्या बाहेर लोंबत होतं. काकांनी टाइप केलं, चौकोनाने मधेच कापलं, आणि पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत आलं: 'वेलकम, एजंट सहस्रबुद.' त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला ताबडतोब फोन केला. "हजार बुद्धीतली थोडी सरकारजमा झाली," म्हणाले. "पण हेराला एवढी पुरते."

दुसरी अडचण अशी की खेळ एकट्याचा नव्हता. एका एजंटाला नकाशा दिसायचा, पण त्यावर नावं नसायची. दुसऱ्याला नावं दिसायची, पण नकाशा नसायचा. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर बसून एकमेकांना सांगायचं, आणि तेही घड्याळ संपायच्या आत. काकांनी काकूंना भरती केलं. काकूंनी आपलं आडनाव घातलं तर चौकोन म्हणाला, या नावाचा एजंट आधीच कामावर आहे. तेव्हा त्यांनी माहेरचं लेले घातलं. चौकोन म्हणाला, नाव फारच लहान आहे. काकू भडकल्या. त्यांनी चष्मा सरळ केला आणि ठणठणीत बोटाने टाइप केलं: लेलेबाई.

एजंट सहस्रबुद आणि एजंट लेलेबाई. एक तळघरात, एक माडीवर.

मी 'कुरियर'. म्हणजे फोन असुरक्षित आहे असं काकांना वाटलं की या घरातून त्या घरात निरोप नेणारी. बहुतेक वेळा मी त्यांच्या जिन्यावर मधोमध बसलेली असायची, हातात काकूंनी दिलेली चिवड्याची वाटी घेऊन. दोन्ही कॉम्प्युटरांतून एकच संथ व्हायोलिनची धून वाजायची, पण एक जरा पुढे, एक जरा मागे. खाली अंधारात काकांच्या पडद्यावर एक निळं शहर असायचं. ओले रस्ते, पूल, कुठेतरी एखादी पिवळी खिडकी. घड्याळ धावायचं आणि काका त्या खिडकीकडे बघत बसायचे.

"मीनल," ते मला म्हणायचे, "या खिडकीत कोण राहत असेल गं?"

"काका, तिजोरी! डावीकडची तिजोरी!"

"काहीतरी शिजतंय तिथे. बघ, काचेवर वाफ आहे."

पडदा लाल व्हायचा. एजंट सहस्रबुद पकडले गेले. वरून काकूंचा आवाज यायचा, "परत? अहो, किती वेळा पकडले जाता! त्या शत्रूला कंटाळा आला असेल तुमचा." खरं सांगायचं तर सगळी कोडी काकू सोडवायच्या. त्या इथल्या पब्लिक लायब्ररीत कॅटलॉगचं काम करायच्या, आणि हरवलेली वस्तू शोधणं हा त्यांच्या हातचा मळ होता. काका नुसते तिथे राहायला गेल्यासारखे त्या शहरात हिंडायचे.

आता यांच्या सांकेतिक भाषेबद्दल सांगायला हवं. माडीवरून तळघरात जे काही ओरडायचं ते उघड मराठीत ओरडायचं नाही, असा काकांचा दंडक. म्हणून ते दोघं चची भाषा बोलायचे. शाळेत आपण सगळ्यांनी बोललेली. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून मागे टाकायचं आणि पुढे च लावायचा. दार म्हणजे चरदा. कुमुद म्हणजे चमुदकु. काका म्हणजे चकाका, आणि चहा म्हणजे चहाच. या शेवटच्या विनोदावर काका दर वेळी नव्याने हसायचे. काकू हसत नसत. त्या मुळात चहा पीतच नसत. त्यांना कॉफी लागायची, कडक. आणि इथल्या दुकानांत 'चाय टी' नावाचं जे दालचिनी घातलेलं गोड पाणी मिळतं त्याचा तर त्यांना मनस्वी राग होता. "चहा-चहा म्हणे! एकदा म्हटलेलं कळत नाही का यांना?"

"आमचं लग्न ठरलं तेव्हा मिरजेला हिच्या माहेरी माणसंच माणसं," काका सांगायचे. "हिच्याशी बोलायचं तर दर दाराआड एक मावशी. मग आम्ही चची भाषा काढली. मावश्यांना वाटायचं, आम्ही इंग्रजीत बोलतोय."

"आणि अमेरिकेत आल्यावर?" मी विचारलं.

"इथे काय, मराठीच चची भाषा झाली. दुकानात उभं राहून खुशाल म्हणावं, कुमुद, हा माणूस लबाड दिसतो. मग तुम्ही लोक आलात, पुण्या-मुंबईहून भरभरून. जो तो मराठी. गुपित कुठे बोलणार? पुन्हा च काढावा लागला."

काकूंचं एक मात्र पक्कं होतं. निघताना 'येतो' म्हणायचं. 'जातो' म्हणायचं नाही. आपल्याकडे सगळेच हे पाळतात, पण काकू ते कायद्यासारखं पाळायच्या. कधीकाळी पहाटेच्या घाईत काका "जातो गं" म्हणून हॉस्पिटलला निघाले होते. काकूंनी नाइटीवर कोट चढवून, बर्फात जाऊन गाडी अडवली. त्यांना परत घरात आणलं, खुर्चीवर बसवलं, घोटभर पाणी दिलं आणि 'येतो' म्हणवून घेतलं. "तिकडे एक अपेंडिक्स टेबलावर माझी वाट बघत होतं," काका म्हणायचे. "पण कायदा म्हणजे कायदा." मी स्वतः त्यांच्याकडून कंटाळून नुसती उठले तरी काकू दारात उभ्या राहायच्या. मी "येते हं काकू" म्हटलं की मग "ये" म्हणून दार लावायच्या.

एका सोमवारच्या कामगिरीत पडद्यावर कामगिरी समजावणाऱ्या बाईने सांगितलं की खरे हेर वस्तू हातोहात देत नाहीत. ठरल्या जागी ठेवून निघून जातात. झालं. दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या कोथिंबिरीच्या वड्या मला घरपोच मिळायच्या बंद झाल्या. फोन यायचा, "माल तळ्यापाशी. तिसरा बाक. खालून." आमच्या वस्तीच्या तळ्याकाठी चालायला जायचं, बाकावर बसून बदकांकडे बघितल्यासारखं करायचं, आणि बाकाखाली चिकटपट्टीने लावलेलं अॅल्युमिनियम फॉइलचं पुडकं काढून घ्यायचं. मी हसायची, पण जायची. दुपारी दुसरं काय होतं मला?

पण जरा विचार करा. ते दिवस कसले होते! विमानतळावर आपल्याला बाजूला काढून बूट तपासायचे ते दिवस. आणि त्यात एक सावळा म्हातारा, उन्हात रेनकोट घालून, सार्वजनिक बाकाखाली चकचकीत पुडकी चिकटवतोय. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने ते पाहिलं आणि पोलिसांना फोन केला.

मी पोचले तेव्हा पोलिसांच्या गाडीचे दिवे फिरत होते. बाकापासून लांब, गवतावर काका उभे होते आणि त्यांच्यासमोर एक धिप्पाड पोलीस. काकू स्वतःच्या गाडीत बसून काच खाली करून बघत होत्या. मला आधी काकांची काळजी वाटली आणि लगेच आमच्या व्हिसाची, हे कबूल करायला हरकत नाही.

"सर, त्या पुडक्यात काय आहे?" पोलीस विचारत होता. त्याचा हात कमरेपाशी होता.

"कोथिंबीर," काका म्हणाले. "ऑफिसर, तुम्ही घाबरला आहात. दीर्घ श्वास घ्या. सोडा. उत्तम."

पोलिसाने खरोखरच श्वास घेतला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र झालं. तो डोकं कलतं करून काकांकडे बघायला लागला, कुठलं तरी गाणं आठवत असल्यासारखा.

"सर, जरा म्हणून दाखवता का... दहापासून उलटे मोजा?"

"दहापासून उलटे मोजा," काका म्हणाले, त्यांच्या त्या पाण्याखालच्या आवाजात.

"गुडघा!" पोलीस ओरडला. "माझा गुडघा! ते तुम्ही होतात!"

चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. पण ऑपरेशनच्या सकाळी, हातपाय गार पडलेले असताना, हा आवाज त्याला म्हणाला होता की मी इथेच आहे, कुठेही जात नाही. ते तो विसरला नव्हता. त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला. मग आम्ही पुडकं उघडलं आणि बाकावर बसून वड्या खाल्ल्या. पोलिसाला त्या तळलेल्या माशाचे तुकडे वाटल्या, आम्ही दुरुस्त केलं नाही. काकांना जन्मात पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं होतं, आणि नेमकं हेर झाल्यावर.

काकू गाडीत एवढ्या हसत होत्या की हसता हसता त्यांना श्वास पुरेना. त्या दार उघडून बाहेर आल्या आणि गवतावरच बसल्या. मला वाटलं, अजून हसतायत. काकांना नाही वाटलं. ते उठले, रेनकोट सावरत काकूंपाशी गेले, मनगट धरलं आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ निळसर झाले होते.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"जिना चढताना होतं थोडं," काकू म्हणाल्या. "तुम्ही तळघरात असता."

हृदयाची एक झडप आवळत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन लगेच, नाहीतर पुढचा हिवाळा सांगता येत नाही. आणि काकू म्हणाल्या, नाही.

काकू, ज्या पोलिसाला भ्यायल्या नाहीत, त्या झोपेला भीत होत्या. "छाती कापोत," मला म्हणाल्या, "त्याचं मला काही नाही. पण कोणीतरी अनोळखी माणूस येणार, उलटे मोजा म्हणणार, आणि मी सातपर्यंत पोचायच्या आत नाहीशी. कुठे जातं गं माणूस मधल्या वेळात? यांना इतकी वर्षं विचारतेय. यांना पण माहीत नाही." पुढे म्हणाल्या, "हे झोपवणार असतील तर आत्ता तयार आहे."

तेवढंच काकांना करता येत नव्हतं. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नसते, आणि त्यांचे हात आता स्थिर नव्हते, चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरायचे. त्यांनी समजावलं, आकडे सांगितले, त्यांच्या मुलाने सिएटलहून फोनवर हुज्जत घातली. काकूंचं एकच: "आधी खेळ संपू दे. शेवटचं दार उघडलं की मग बघू."

मला वाटलं काका हो म्हणतील. त्यांनी आयुष्यात काकूंशी वाद घातलेला मी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "नाही. ऑपरेशन आधी. शेवटच्या दाराला दोन्ही एजंट लागतात, कुमुद. तू नसलीस तर ते उघडत नाही. म्हणजे तुला परत यावंच लागेल."

काकूंनी विचारलं, "आणि आले नाही तर?"

"तर मी त्या शहरात अडकेन," काका म्हणाले. "मला बाहेरचा रस्ता कुठे माहितेय? तूच सांगतेस तो."

शुक्रवारी सिनेमा लागणार होता. काकांनी मंगळवारची तारीख घेतली.

मुलाचं विमान वादळामुळे शिकागोत अडकलं, म्हणून त्या सकाळी काकांबरोबर मी होते. त्यांचंच जुनं हॉस्पिटल, पण भिंतींचे रंग बदलले होते आणि रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना नावाचं स्पेलिंग विचारलं. काकूंना ढकलत नेलं तेव्हा आम्ही बरोबर चालत गेलो. एका ठिकाणी जमिनीवर लाल पट्टा होता. तिथे नर्स म्हणाली, "फॅमिली इथपर्यंतच." काका सवयीने पट्टा ओलांडून दोन पावलं पुढे गेलेच. तिने त्यांच्या कोपराला धरून हळूच मागे आणलं.

काकूंचा चेहरा भिंतीकडे होता. काका त्यांच्याकडे बघत होते, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखे. दारं उघडली, मिटली. काकू काही बोलल्या नाहीत.

वेटिंग रूममध्ये खुर्च्या रांगेने मांडलेल्या होत्या. कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही चालू होता आणि योगायोगाने त्यावर त्याच सिनेमाची जाहिरात लागत होती. निळं शहर, पूल, धावणारा माणूस. काका बघत नव्हते. रेनकोट मांडीवर घडी घालून ठेवला होता.

"येते म्हणाली नाही," ते म्हणाले.

"काका, घाबरल्या असतील. औषधाची गुंगी असेल."

"चाळीस वर्षांत कधी झालं नाही. कोपऱ्यावर टपालपेटीपर्यंत गेली तरी म्हणते." त्यांनी खुर्च्यांच्या रांगेकडे बघितलं. "मीनल, मी सगळा जन्म त्या दाराच्या आतल्या बाजूला काढला. बाहेर एवढ्या खुर्च्या असतात हे मला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "दीर्घ श्वास घ्या काका." त्यांनी घेतला, पण तो अर्ध्यातच कुठेतरी अडकला.

"झोपताना लोक काय काय बोलायचे," ते पुढे म्हणाले. "कोणी म्हणायचं शेगडी बंद केली का बघा. कोणी आईला हाक मारायचं. एक ट्रकवाला म्हणाला, मला गाता येतं बरं का, आणि झोपला. ते शेवटचं वाक्य फक्त मी ऐकायचो. मला वाटायचं, हे गुपित आहे, हे आपल्यापाशीच ठेवायचं. बाहेर येऊन एकदाही कोणाला सांगितलं नाही. इथे कोणीतरी त्याच वाक्यासाठी बसलेलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं." हे बोलताना त्यांचा आवाज पाण्याखालचा राहिला नव्हता. साधा, चिरका, म्हाताऱ्या माणसाचा आवाज झाला होता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि हिरव्या टोपीतली एक गोल चेहऱ्याची नर्स बाहेर आली. सहस्रबुद्धे हे नाव वाचायचा तिने प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला. आम्ही उभे राहिलो.

"सगळं ठीक चाललंय," ती म्हणाली. "ऑपरेशन सुरू झालंय. अगदी शांत झोपल्या. आणि किती गोड आहेत हो! मास्क लावताना आम्ही उलटे मोजायला सांगितलं तर मोजलंच नाही. त्यांनी चाय टी मागितला."

"काय मागितलं?" काका म्हणाले.

"चाय टी. दोनदा. मी प्रॉमिस केलंय, जागं झाल्यावर आणून देईन."

"ती चहा पीत नाही," काका म्हणाले.

नर्स जरा गोंधळली. "मला तसंच ऐकू आलं."

काका तिच्याजवळ गेले. इतक्या जवळ की ती अर्धं पाऊल मागे सरकली. "कृपा करून," ते म्हणाले, "तुम्हाला जसं ऐकू आलं तसं सांगा. अर्थ लावू नका. नुसता आवाज."

तिने डोळे मिटले. भली बाई होती. आठवून, तुकडे पाडत ती म्हणाली, "च... ते... ये."

मला काही कळायच्या आत काकांनी हाताने भिंत धरली. मग मी मनातल्या मनात च काढून टाकला, आणि मागचं अक्षर उचलून पुढे ठेवलं.

येते.

काकू विसरल्या नव्हत्या. लाल पट्ट्यापाशी, अनोळखी माणसांच्या घोळक्यात, काकू ते उघड बोलल्या नव्हत्या, एवढंच. आत जाऊन, त्या मास्कखाली, जिथे कित्येक वर्षं आपला नवरा उभा असायचा तिथे, त्यांनी तो निरोप ठेवला होता, आणि कोणीतरी तो बाहेर आणून देईल असा भरवसा धरला होता. मला रडू आलं. नर्सला वाटलं की तिचं काही चुकलं, आणि ती माझी समजूत काढायला लागली.

काका रडत नव्हते. ते त्या मिटलेल्या दारासमोर सरळ उभे राहिले आणि चांगल्या मोठ्या आवाजात, अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा उघड मराठीत म्हणाले, "ये."

मग खुर्चीवर येऊन बसले आणि थोड्या वेळाने चक्क डुलकी काढली. मी जागी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या घशातली नळी काढली. आम्हाला आत सोडलं तेव्हा त्या नर्सने शब्द पाळला होता. उशाजवळच्या टेबलावर झाकण लावलेला कागदी पेला होता आणि दालचिनीचा वास खोलीभर पसरला होता. काकूंनी डोळे किलकिले करून पेल्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"हे कोणी मागवलं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तूच," काका म्हणाले.

काकूंना अजून बर्फाच्या चुऱ्याखेरीज काही द्यायचं नव्हतं. काकांनी पेला दोन्ही हातांत धरला, पलंगाशेजारी खुर्ची ओढून घेतली आणि तो गार झालेला चाय टी अगदी तळातल्या साखरेसकट पिऊन टाकला.